माजघरातला दरबार

वर्तमानपत्रांतील निधनवार्तांच्या स्तंभात घरातील कर्त्या स्त्रीविषयी जी विशेषणे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहेत, त्यांत ‘सोशिक’ असते, ‘कुटुंबवत्सल’ असते, ‘धर्मपरायण’ तर हटकून असते. परंतु ‘हसरी’ हे विशेषण क्वचितच दृष्टीस पडते. घरोघरच्या आज्या हसत नव्हत्या, असे कोण म्हणेल? पण हसणे ही कर्तबगारीच्या खात्यात जमा धरण्याजोगी बाब आहे, असे आपल्या समाजाला कधी वाटलेच नाही. सोसलेले तेवढे जमेस धरायचे, आणि हसलेले किरकोळ खर्चात टाकायचे, हा आपला जुना जमाखर्च. लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य मात्र या हिशेबात बसत नाही. ज्या स्त्रीने सोसण्याजोगे सारे सोसले आणि तरीही जिची आठवण निघताच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम हसू येते, तिचे ते हसणे हा स्वभावाचा केवळ एक गोड विशेष होता, की त्याच्याच बळावर तिने एका अवघड संसाराचा कारभार चालवला, हे जरा निवांतपणे पाहण्यासारखे आहे.

नाशिकच्या पश्चिमेस, गोदावरीच्या काठी, जलालपूर नावाचे खेडे आहे. तेथे गोखल्यांच्या घरी १ जून १८६८ रोजी मनकर्णिकेचा, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाईंचा, जन्म झाला. ज्या घरात ती जन्मली ते घर हसण्याचे नव्हते. आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर हे सत्तावन सालच्या धामधुमीत सरकारच्या रोषास पात्र होऊन फाशी गेलेले. त्या घटनेचा धसका घेऊन मनकर्णिकेच्या वडिलांना सोवळ्याचे जे वेड लागले, ते अखेरपर्यंत उतरले नाही. बाहेरून आलेली जी जी वस्तू धुता येईल ती ती धुतली जावी, जे जे माणूस घरात पाऊल टाकील त्याच्या स्पर्शास्पर्शाची चौकशी व्हावी, आणि या सर्व फर्मानांची अंमलबजावणी घरातील बायकामुलांनी रात्रंदिवस करावी, असा त्या घराचा शिरस्ता होता. एखाद्या लेखकाने या सामग्रीतून करुणरसाची मोठी कादंबरी उभी केली असती. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आठवणींच्या पुस्तकाची सुरुवात याच घरापासून केली, परंतु फाशीच्या वार्तेने सावरून बसलेला वाचक दोन-चार पानांतच आपल्या नकळत हसू लागतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की वडिलांची टवाळी कोठेच झालेली नाही, आईने काढलेल्या हालांपैकी एकही लपवलेला नाही, आणि तक्रारीचा सूर तर शोधूनही सापडत नाही. वेडाला वेड म्हणायचे, आणि वेडा झालेल्या माणसावरची माया रतिभरही कमी होऊ द्यायची नाही, ही विद्या ती मुलगी त्या सोवळ्याच्या घरातच शिकली असावी. पुढे ती उपयोगी पडणार होती.

कारण अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. टिळक कवी होते, संस्कृताचे व्यासंगी होते, वक्ते होते, आणि एका जागी फार दिवस न ठरणारे होते. न सांगता घरातून निघून जावे, आठवडेच्या आठवडे पत्ता लागू देऊ नये, आणि मग एखाद्या दिवशी दारात उभे राहून जणू काही झालेच नाही अशा मुद्रेने विचारपूस करावी, हा त्यांचा क्रम. त्यांचा राग शीघ्र आणि पश्चात्ताप त्याहूनही शीघ्र. हातात पैसा आला तर तो घरी पोहोचेपर्यंत वाटेत भेटलेल्या गरजूच्या, नाहीतर एखाद्या अनावश्यक खरेदीच्या वाट्याला जाई. नाशिक, नागपूर, राजनांदगाव, मुंबई, नगर, सातारा असे त्यांचे बिऱ्हाड फिरत राहिले, आणि त्या बिऱ्हाडाच्या मागे कधी बरोबर, कधी माहेरी, कधी बहिणीच्या आश्रयाला लक्ष्मीबाई. अशा पुरुषाबरोबर संसार करणाऱ्या स्त्रीपुढे त्या काळी दोनच वाटा मोकळ्या होत्या: त्याला देव मानावे, किंवा नशिबाला बोल लावावा. लक्ष्मीबाईंनी तिसरी काढली. त्या त्याच्याशी भांडल्या, त्याच्यावर निरतिशय प्रेम केले, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करताना त्यांना कसलीही विसंगती जाणवली नाही.

या संदर्भात एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघाले. त्याची थोरवी निर्विवाद आहे. पण त्यातील न्यायमूर्ती सदैव चौरंगावर बसलेले आहेत आणि लिहिणारी पत्नी हात जोडून उभी आहे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातील टिळक घरात वावरतात, चिडतात, चुकतात, हरवतात, रुसतात. पतीचे मोठेपण कोठेही उणे न करता पतीला हसता येते, हे मराठी गद्यात प्रथम या बाईने दाखवले, असे माझे मत आहे. विशेष हे की, टिळकांना एकदा हसायचे तर स्वतःला दोनदा, असा त्यांचा अलिखित नियम दिसतो. आपले अज्ञान, आपला भित्रेपणा, आपला हट्ट, शिकायला बसल्यावर उडालेली आपली तारांबळ, यांतले काहीच त्यांनी झाकून ठेवले नाही. आणि जो माणूस स्वतःलाच प्रथम हास्यास्पद करून मोकळा होतो, त्याच्या थट्टेचा राग धरण्याची सोय दुसऱ्याला उरत नाही.

परंतु हसण्याची खरी परीक्षा १८९५ साली झाली. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने दिलेला ‘नवा करार’ वाचता वाचता टिळकांच्या मनाने जी दिशा घेतली, तिची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांच्या बाप्तिस्म्यात झाली. लक्ष्मीबाई तेव्हा पदरी लहानगा दत्तू घेऊन आप्तांच्या घरी होत्या. नवरा जिवंत, पण समाजाच्या दृष्टीने गेलेला; कुंकू कपाळावर, पण ते लावण्याचा अधिकार कोणता हे कोणी सांगेना; अशी त्यांची अवस्था झाली. आमच्या घरी ‘स्मृतिचित्रे’ दुपारच्या वेळी मोठ्याने वाचली जात. वाचणारी आत्या आधीच्या प्रकरणांना हसून हसून मधेच थांबत असे, आणि शेंगा सोलीत बसलेल्या बायका ‘पुढे वाच ना गं’ म्हणून तिला घाई करीत. बाप्तिस्म्याचे प्रकरण आले की मात्र तिचा आवाज सपाट होई, सुपातले हात थांबत, आणि ज्या माझ्या आजीने जन्मभर पानात पडलेल्या भातालासुद्धा जात असते असे मानले, ती आजी एकदम म्हणे, ‘पोरीनं काय करावं मग?’ या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीत कोणाजवळच नव्हते. लक्ष्मीबाईंजवळही ते सुमारे पाच वर्षे नव्हते. त्या काळात त्यांनी आक्रोश केला, अन्न टाकले, आप्तांची बोलणी ऐकली, पंढरपुरास राहिल्या, आणि मनातील कालवाकालव ओव्या-पदांतून बाहेर काढू लागल्या. या पर्वात विनोद नाही. तो नाही म्हणूनच मला लक्ष्मीबाईंच्या बाकीच्या विनोदावर विश्वास ठेवावासा वाटतो; ज्याला सगळ्याच गोष्टींचे हसू येते त्याच्या हसण्याला फारशी किंमत नसते.

पुढे नगरास त्या टिळकांकडे राहायला आल्या, पण आपल्या अटींवर. टिळक ख्रिस्ती, बायको ब्राह्मण. एका संसारात दोन चुली, दोन पाण्याचे हंडे, आणि दोहोंच्या मधोमध दोघांचा मुलगा. ही व्यवस्था कागदावर मांडली तर एखाद्या तहनाम्यासारखी दिसेल. शिवाशिवीची ही सीमा कशी सांभाळली जाई आणि कशी सतत मोडली जाई, याचे जे वर्णन लक्ष्मीबाईंनी केले आहे, त्यात वडिलांच्या सोवळ्याची सारी आठवण जागी आहे. बापाच्या वेडाला जिने बाहेरून पाहिले, ती आता तेच वेड आतून जगत होती आणि ते आपल्याला कळते आहे हेही तिला कळत होते. मग राहुरीच्या मुक्कामात कधीतरी त्यांच्या मनाने निर्णय दिला. त्याला कोणाचा उपदेश कारण झाला नाही, की टिळकांचा आग्रहही नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, असे त्यांच्याच बुद्धीला पटले, आणि पटल्याबरोबर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी वर्ज्य मानणे सोडले. ख्रिस्ती धर्माची दीक्षा त्यांनी नंतर, १९०० साली घेतली. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: आधी चूल बदलली, मग धर्म. पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीने शास्त्रार्थातून जो प्रवास केला, तो या बाईने स्वयंपाकघरातून केला, आणि मला तो कमी लांबीचा वाटत नाही.

येथून पुढे नगरच्या घराचा खरा इतिहास सुरू होतो. टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेमिनरीत शिकवीत, उपासनागीते रचीत, पुढे ‘ज्ञानोदय’ पत्राचा मराठी भाग सांभाळीत. आणि भेटेल त्याला घरी घेऊन येत. अनाथ मुले येत, विद्यार्थी येत, घरच्यांनी टाकलेले नवख्रिस्ती येत, कवी होऊ पाहणारे तरुण येत, काहीच होऊ न पाहणारेही येत. किती पाने मांडायची याचा अंदाज जेवायला बसण्याच्या वेळेपर्यंत त्या घरच्या धनिणीला नसे. टिळकांनी ‘ये’ म्हटल्यानंतर त्या मनुष्याच्या अंथरूण-पांघरुणाचा, दुखण्याखुपण्याचा, रुसव्याफुगव्यांचा आणि भाकरीचा बंदोबस्त करण्याचे खाते संपूर्णपणे माजघराकडे होते. जेथे रक्ताचे नाते नाही, जातीचे नाही, कित्येकदा धर्माचेही नाही, तेथे माणसे एका छपराखाली नांदवायची कशी? हुकुमाने ती नांदत नाहीत. उपदेशाने तर मुळीच नाही, आणि उपदेशाचा तुटवडा त्या घरात नव्हता. लक्ष्मीबाईंनी ती थट्टेने नांदवली. दोघांचे भांडण त्यांच्यापर्यंत आले की त्या न्याय करीत नसत. दोघांनाही हसायला लावीत, आणि एकदा दोन माणसे एकाच गोष्टीला हसली की त्यांचा दावा निकालात निघे.

त्या घरात आलेल्या तरुणांपैकी एकाचे नाव महाराष्ट्र विसरणार नाही. त्र्यंबक बापूजी ठोमरे १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरले, आणि पुढे काही काळ नगरास टिळकांच्या छायेत राहिले. टिळकांनी त्यांच्या कवितेला वळण दिले, हे वाङ्मयाच्या इतिहासात नोंदलेले आहे. या तरल, उदास, क्षणात खुलणाऱ्या आणि क्षणात मिटणाऱ्या मुलाला जेवू-खाऊ घालून, रागावून, समजावून, पुन्हा हसते कोणी केले, याची नोंद मात्र लक्ष्मीबाईंनी स्वतः केली नसती तर राहिली नसती. आणि त्यांनीही ती उपकाराच्या भाषेत केलेली नाही. घरातल्या व्रात्य मुलाच्या खोड्या सांगाव्यात तशा त्यांनी बालकवींच्या गोष्टी सांगितल्या आहेत. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. आपल्या कवींची आपण चरित्रे लिहितो. त्यांना कोणाच्या हातचे जेवण मिळाले हे लिहीत नाही. बालकवींच्या बाबतीत ते लिहिले गेले, हा अपवाद.

नगरात प्लेग आला त्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. सख्खे नातलग ज्यांच्या जवळ जायला धजत नव्हते अशा माणसांजवळ त्या बसल्या. आणि ही गोष्ट सांगताना त्यांना स्वतःच्या धैर्यापेक्षा स्वतःच्या भीतीचेच अधिक कौतुक वाटते: आपण किती घाबरलो, कशा कापलो, आणि तरी तेथून पळून का गेलो नाही, याची त्या जी कारणे देतात ती वाचून आपण हसतो आणि लागलीच आपल्या हसण्याची आपल्याला लाज वाटते. भित्रा मनुष्य न पळता उभा राहतो तेव्हा त्याला काय म्हणावे, हे त्यांनी आपल्यावर सोपवले आहे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी आणि पगार दोन्ही सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला: हिंदू, ख्रिस्ती, बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सर्वांना जेथे बंधुभावाने येता येईल असा दरबार. कल्पना उदात्त होती. पण लक्ष्मीबाईंचे चरित्र वाचणाऱ्याच्या मनात एक खोडकर शंका उभी राहतेच, की असा दरबार त्यांच्या माजघरात गेली पंधरा-सतरा वर्षे भरत नव्हता काय? त्याला नाव नव्हते, घटना नव्हती, सभासदांची यादी नव्हती. तवा मात्र होता आणि तो थंड होत नव्हता. टिळकांच्या दरबाराला आयुष्य थोडके लाभले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले, आणि तो संकल्प त्यांच्याबरोबरच मावळला.

वैधव्यात लक्ष्मीबाई कोणाच्या पदराआड बसल्या नाहीत. वसतिगृहावर मेट्रन म्हणून नोकरी केली, कीर्तने केली, सभांतून बोलल्या, कविसंमेलनांतून मिरवल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ या नावाने येशूचे ओवीबद्ध चरित्र आरंभिले होते आणि ते सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि आणखी चौसष्ट अध्याय रचून नवऱ्याचे अर्धवट टाकलेले काम मार्गी लावले. घरातली त्याची सगळीच अर्धी कामे त्यांनी पुरी केली होती. त्यात ही एक भर. ग्रंथ छापून निघाला तो त्यांच्या पश्चात, १९३८ साली. स्पष्ट सांगायचे तर त्या ओव्यांत मला लक्ष्मीबाई फारशा भेटत नाहीत. भक्ती आहे, सफाई आहे, रचनेवरची पकड आश्चर्य वाटावे इतकी आहे, परंतु ते हसणे तेथे अदबीने दाराबाहेर थांबलेले दिसते. ते हसणे गद्यात आहे.

आणि ते गद्यही त्यांनी ग्रंथकर्त्री होण्याच्या हेतूने लिहिले नव्हते. चिरंजीव देवदत्त, म्हणजे तोच लहानगा दत्तू, वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या तयारीत होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आईने, जी काही अक्षरे नवऱ्याच्या लहरीप्रमाणे कधी शिकवली गेली, कधी राहिली, त्यांच्या जोरावर कागद भरायला घेतले. ‘संजीवनी’ या नियतकालिकातून ते मजकूर येऊ लागले, आणि १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने निघाले. मुलाने मागितले होते बापाचे चरित्र, मिळाले सगळ्या घराचे. वाक्ये आखूड, बोलण्यासारखी. अलंकार जवळजवळ नाहीत. मोठा प्रसंग आला की शब्द आणखी कमी होतात. ज्या काळात मराठी गद्य, माझ्या या लेखासारखे, लांबलचक वाक्यांच्या फेट्याशिवाय घराबाहेर पडत नसे, त्या काळात ही बाई उघड्या डोक्याने, पदर खोचून रस्त्यावर आली आणि फेटेवाले तिला वाट देत बाजूला झाले. इंग्रजीत जोसेफीन इंक्स्टर यांनी १९५० साली आणि शांता गोखले यांनी २०१७ साली हे पुस्तक नेले. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला. तरीही या पुस्तकाच्या वाट्याला एक अन्याय आलाच. शालेय क्रमिक पुस्तकांतून त्याचे गमतीचे उतारे इतके वेचले गेले, की लक्ष्मीबाई म्हणजे एक खेळकर, भाबडी, विनोदी आजीबाई, अशी समजूत पिढ्यांच्या मनात रुजली. भाबडी बाई एवढे घर चालवीत नसते. काय सांगायचे आणि काय गाळायचे, कोणाचे नाव घ्यायचे आणि कोणाला नुसते ‘एक गृहस्थ’ म्हणून सोडून द्यायचे, याचा जो विवेक पानोपानी दिसतो, तो मुरलेल्या कारभाऱ्याचा आहे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचा अंत झाला. आठवणींचा चौथा भाग अपुराच राहिला होता. तो देवदत्तांनी सिद्ध करून प्रसिद्ध केला, म्हणजे टिळकांच्या घराण्यात दुसऱ्याचे अपुरे लेखन पुरे करण्याची जबाबदारी आणखी एका पिढीवर आली. ती तेथेही थांबली नाही. लक्ष्मीबाईंना माणसे लख्ख आठवत, त्यांची बोलणी जशीच्या तशी आठवत, पण सन आणि तारखा यांच्याशी त्यांनी कधी फारसे सख्य ठेवले नव्हते. आणि ज्यांची नावे त्यांनी मायेने किंवा भिडेने झाकली, त्यांचा तर प्रश्नच नव्हता. त्यामुळे १९८९ साली नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची सटीप आवृत्ती सिद्ध केली तेव्हा आजीने सहज ओलांडलेल्या एकेका वाक्यामागे जुने कागद, पत्रे आणि दप्तरे धुंडाळीत त्यांना फिरावे लागले. आजी एका ओळीत गाव बदलून मोकळी होते, आणि ते नेमके कोणत्या साली, हे तळटिपेत मांडता मांडता नातवाची पुरी दमछाक होते.